बंद दाराबाहेरचे पंच

खाजगी प्रार्थना हाच ख्रिस्ती सेवेचा पाया आहे आणि ज्या सेवकाचा हा पाया कच्चा, त्याची सगळी सेवा वाळूवर बांधलेली, याबद्दल आमच्या मंडळीत कधीच दुमत नव्हतं. अडचण एवढीच होती की पाया जमिनीखाली असतो. तो पक्का आहे की नाही हे बघायचं तर खणावं लागतं, आणि आमच्या मंडळीला खणायची फार हौस होती.

आम्ही तेव्हा वाशीला राहायचो. गाव नवीन होतं. रस्ते आधी आले होते आणि माणसं मागून येत होती. आमचं घर तळमजल्यावर होतं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीला लागून एक लांबट गॅलरी. ती अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काचा लावून बंद करून घेतली होती आणि तिच्या एका टोकाला आवाराकडे उघडणारं लोखंडी जाळीचं दार बसवलं होतं. पहाटे नळाला पाणी यायचं. त्याआधी नळ घसा खाकरल्यासारखा आवाज करायचा आणि मग सगळ्या इमारतीत पिंपं, बादल्या, कळश्या यांची एकच दाटी व्हायची. गॅलरीच्या छज्ज्यावर कबुतरांचा मोठा गोतावळा होता. आई त्यांना झाडूनं हाकलायची, ती समोरच्या छज्ज्यावर जाऊन बसायची आणि आईची पाठ वळली की परत यायची. शेजारी कणकवलीच्या कदमकाकू होत्या. आमच्या घरात रोज संध्याकाळी अप्पा मोठ्यानं काहीतरी बोलतात आणि बाकीचे डोळे मिटून ऐकतात, याचा त्यांना पहिली दोन वर्षं फार आदर वाटायचा.

ती आमची कुटुंबप्रार्थना. अप्पा एका सरकारी कचेरीत अधीक्षक होते आणि देवाशी ते कचेरीच्याच भाषेत बोलत. ‘‘हे स्वर्गीय पित्या, काल सायंकाळच्या विनंतीस अनुसरून नम्र निवेदन असं की, शालूच्या गणिताची बाब अद्याप प्रलंबित आहे.’’ शालू म्हणजे मी. बाब शेवटपर्यंत प्रलंबितच राहिली. आई प्रार्थनेला स्वयंपाकघराच्या दारात बसायची, म्हणजे एक डोळा देवाकडे आणि एक दुधाकडे. दूध वर यायला लागलं की ती खणखणीत ‘आमेन’ म्हणून उठायची, मग अप्पांचं वाक्य कुठेही असो. गणिताची बाब निकालात न निघण्याचं हेही एक कारण असावं.

आमची मंडळी म्हणजे नगर, जालना, सोलापूर या बाजूंनी नोकऱ्यांसाठी आलेली मराठी ख्रिस्ती माणसं: कारकून, नर्सा, शिक्षक, बंदरावरचे लोक. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, अजून बांधलेलं नव्हतं. नेरूळच्या एका शाळेचा हॉल रविवार सकाळपुरता मिळायचा. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, जिथे उभे राहत त्याच्या मागच्या भिंतीवर पचनसंस्थेचा मोठा तक्ता होता. माझ्या मनात अजूनही उपदेश आणि लहान आतडं यांची ताटातूट झालेली नाही. मंडळीचा कारभार पंचमंडळी बघायची. अप्पा तिचे चिटणीस आणि पगारेकाका तिचे सगळं काही.

पगारेकाका बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले होते. उंच, केस पांढरे आणि मागे वळवलेले, उन्हाळ्यातही कोट. आवाज असा की माइकची गरज नव्हती, तरी ते माइक घेत. उपासनेतली मोठी प्रार्थना त्यांची असे. ती राष्ट्रपतींपासून सुरू व्हायची, पंतप्रधान, मुख्यमंत्री असं करत पाणीपुरवठ्यापर्यंत उतरायची आणि मग आजाऱ्यांकडे वळायची. आजारी माणसं ते नावानिशी आणि निदानासकट घेत. आपल्या शेजाऱ्याला मूळव्याध आहे ही गोष्ट मंडळीतल्या कित्येकांना देवाच्या बरोबरीनंच कळली. शेवटचा भाग सुधारणेचा. ‘‘हे प्रभू, काहीजण कॉयरच्या सरावाला उशिरा येतात. त्यांची नावं तुला ठाऊक आहेत, मी घेत नाही. ते खिडकीजवळ बसले आहेत.’’ खिडकीजवळ बसलेल्यांनी डोळे मिटलेले असले तरी त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले आहेत, कारण माझे उघडे असायचे.

आता मी सीवूड्सला राहते आणि आमच्या मंडळीचा प्रार्थनेचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणीतरी आजाराची बातमी टाकतं आणि खाली पन्नाससाठ जण हात जोडलेलं पिवळं चित्र टाकतात. तेवढ्यात प्रार्थना होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण मूळव्याधीचे रिपोर्ट मात्र हल्ली फोटोसकट येतात, म्हणजे पगारेकाकांची परंपरा अगदीच बुडालेली नाही.

पगारेकाकांच्या त्या मोठ्या प्रार्थनेवर आमच्या घरचं मटण शिजायचं. रविवारी निघताना आई पातेलं मसाल्यासकट कदमकाकूंच्या ताब्यात द्यायची आणि मटण स्टोव्हवर कधी चढवायचं ते सांगायची. त्यात उपासना, पगारेकाका आणि बसची वाट हे सगळं धरलेलं असे. आम्ही दारात आणि मटण शिजलेलं, हे इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं. मंडळीतल्या बहुतेक बायकांचा असाच काही ना काही अंदाज बसलेला होता. तेव्हा पगारेकाकांच्या प्रार्थनेला धक्का लावणं ही नुसती धार्मिक बाब नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं.

धक्का लावला तो सुहास मकासरे यांनी. आधीचे पाळक बदलून गेल्यावर हे आमच्याकडे सहा महिन्यांच्या परीक्षाकाळावर आले. तिशीचे असतील. सडपातळ, चष्मा, हातात एक बॅग आणि खांद्याला सुतळीनं बांधलेली गादी. बायको रेखाबाई जालन्याला एका शाळेत शिकवत होत्या आणि चार वर्षांची मुलगी त्यांच्याजवळ होती. मंडळीनं कायम केलं तरच पाळकांसाठी घर भाड्यानं घेतलं जाणार होतं, तोवर त्यांनी आमच्या गॅलरीत राहायचं ठरलं. कायम झाले तर रेखाबाई नोकरी सोडून येणार होत्या. त्यांची शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी काय ते सांगा म्हणत होती. नाही झाले तर मकासऱ्यांना पुन्हा कुठल्यातरी वसतिगृहावर रेक्टर म्हणून जावं लागणार होतं. तशी तीन वर्षं त्यांनी काढली होती आणि मुलगी त्यांना ‘पप्पा’ऐवजी ‘मकासरे सर’ म्हणायला शिकली होती. हे त्यांनी आईला हसत सांगितलं. आई हसली नाही.

पहिल्याच रविवारी, नवे पाळक म्हणून, मोठी प्रार्थना पगारेकाकांकडून त्यांच्याकडे आली. सगळ्यांनी नीट बसून, घसे साफ करून, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे डोळे मिटले. मकासरे म्हणाले, ‘‘बापा, आम्ही आलो आहोत. आमच्यातले काही फार दमलेले आहेत. त्यांना जवळ घे. आमेन.’’

कुणीही डोळे उघडले नाहीत. ही प्रस्तावना असावी असा सगळ्यांचा समज झाला. मग एकेक डोळा उघडत गेला. पाळकांना भोवळबिवळ आली की काय म्हणून पगारेकाका अर्धवट उठलेच होते, पण मकासरे पचनसंस्थेखाली शांत उभे होते आणि गीताचा क्रमांक सांगत होते. त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा कदमकाकू कांदा चिरत होत्या. ‘‘अगो बाई,’’ त्या सुरी हातात घेऊनच म्हणाल्या, ‘‘आज देवान लवकर सोडल्यान काय गो?’’ मंडळीतल्या घराघरांत त्या दुपारी पुरुष कच्च्या मटणाची वाट बघत बसले आणि वाट बघता बघता विचार करू लागले. विचार करायला वेळ मिळाला की मंडळीत नेहमीच काहीतरी निघतं.

पगारेकाकांचा मुद्दा बिनतोड होता. जाहीर प्रार्थना एवढीशी, तर खाजगी केवढी असेल? झाडाला पानंच नाहीत तर मुळं कुठली? पंचमंडळीच्या नियमांत तसं कलमही होतं: उमेदवाराला कायम करण्यापूर्वी त्याचं खाजगी प्रार्थनाजीवन समाधानकारक असल्याची खात्री करून घ्यावी. आजवर या कलमाचा त्रास झाला नव्हता. आधीचे पाळक पहाटे अशी खाजगी प्रार्थना करत की ती समोरच्या इमारतीत ऐकू जाई. तिथल्या लोकांनी झोपमोड होते म्हणून लेखी तक्रार केली होती आणि पंचमंडळीनं ती पुरावा म्हणून मोठ्या समाधानानं स्वीकारली होती. मकासऱ्यांच्या गॅलरीतून मात्र काहीही ऐकू येत नव्हतं.

खरं म्हणजे माणूस कामाचा होता. देठेकाकांच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा मकासरे रोज दुपारी दवाखान्यात जाऊन त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसायचे. देठेकाका पंचमंडळीतले सगळ्यांत ज्येष्ठ. देठेकाकू बऱ्या होऊन आल्यावर आईला सांगत होत्या, ‘‘काय बोलले नाहीत गं बाई. मोसंबं सोललं, बसले. मला आपली झोप लागली. नाहीतर पगारे आले होते! ‘हे प्रभू, या तुझ्या लेकराचं आयुष्य तुझ्या हाती आहे, आज आहे, उद्या नाही,’ असं सुरू केलं त्यांनी. बाजूच्या खाटेवरची बाई डिस्चार्ज मागायला लागली.’’

एक दिवस मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले. मकासरे खाटेवर बसून शर्टाला बटण लावत होते. पगारेकाकांनी मला उपासनेनंतर बाजूला घेऊन विचारलं होतं, की बेटा, तू त्याच घरात राहतेस, पाळक प्रार्थना करतात का आणि केव्हा. मी तरुण संघाची सेक्रेटरी होते आणि मला त्या पदाचं फार अप्रूप होतं. मी सरळ विचारलं, ‘‘पाळकसाहेब, तुम्ही प्रार्थना कधी करता?’’

‘‘पगारेकाकांनी विचारलंय?’’

‘‘हो.’’

‘‘करतो म्हणून सांग.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘हेही त्यांनीच विचारलंय?’’

‘‘नाही. हे माझं.’’

त्यांनी दोरा दातानं तोडला. ‘‘तासभर बसलो तर त्यात पाच मिनिटं होते, शालू. बाकीचा वेळ रेखाची शाळा, मुलीचा खोकला, पंचमंडळी, असंच चालतं डोक्यात. पण ती पाच मिनिटं झाली नाहीत, की दिवसभर माझं नुसतं तोंड चालतं. कुणाच्या घरी गेलो तरी मीच बोलतो. आजारी माणसाला ते लगेच कळतं. बाकीच्यांना जरा उशिरा कळतं.’’

मी पगारेकाकांना एवढंच सांगितलं की करतात. त्यांना ते पुरलं नाही. पाच मिनिटांचं सांगितलं असतं तर मुळीच पुरलं नसतं.

परीक्षाकाळ संपत आला तेव्हा पंचमंडळी आमच्या बाहेरच्या खोलीत बसली. मकासरे नेरूळला एका घरी गेले होते. मी चहा देत होते. पगारेकाका म्हणाले, की आता प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय इलाज नाही. दोघा पंचांनी पहाटे इथे येऊन गॅलरीच्या दाराबाहेर बसावं आणि आत काय चालतं ते ऐकावं.

अप्पा नियमाचे माणूस. ते चाचरत म्हणाले, ‘‘पण पगारेसाहेब, शास्त्रात तर स्पष्ट आहे. खोलीत जायचं, दार लावायचं, गुप्तपणे प्रार्थना करायची.’’

‘‘अगदी बरोबर,’’ पगारेकाका म्हणाले. ‘‘म्हणून आपण गुप्तपणेच ऐकायचं.’’

अप्पांनी ते लिहून घेतलं. पाहणीसाठी पगारेकाका आणि देठेकाका यांची निवड झाली. देठेकाकांना एका कानानं अजिबात ऐकू यायचं नाही आणि दुसऱ्यानं त्यांच्या मर्जीप्रमाणे यायचं, पण ज्येष्ठता डावलून ऐकायला कुणाला बसवणार?

ठरलेल्या दिवशी दोघे पाणी यायच्याही आधी आले. पगारेकाका कोटात, देठेकाका मफलरमध्ये. आवाज नको म्हणून त्यांनी चपला जिन्यापाशीच काढल्या आणि अप्पांनी दार वाजायच्या आत उघडलं. गॅलरीचं दार बंद होतं. त्याच्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, नाटकाला मांडतात तशा. अप्पा कॉटवर बसले. आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. सगळीकडे शांत होतं, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत पगारेकाका असताना शांतता असण्याचा तो पहिलाच प्रसंग.

थोड्या वेळानं पगारेकाका कुजबुजले, ‘‘देठे, ऐकू येतंय का?’’

‘‘काय?’’

‘‘ऐकू येतंय का म्हटलं.’’

‘‘तुमचं येतंय.’’

मग दारापलीकडून आवाज आला. खोल, घशातल्या घशात, घुमल्यासारखा. थांबला. पुन्हा आला. पगारेकाका ताठ बसले. त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प राहायची खूण केली, आम्ही गप्पच होतो. ‘‘कण्हणं,’’ ते श्वास रोखून म्हणाले. ‘‘आत्म्याचं कण्हणं आहे हे, अप्पासाहेब. शब्दांच्या पलीकडचं.’’

आईनं माझ्या कानाशी तोंड आणलं. ‘‘कबुतरं आहेत ती.’’

‘‘सांगू का?’’

‘‘गप बस. ही माणसं एवढी शांत बसलीयेत तर बसू दे.’’

आणि मग पगारेकाकांनी गुडघे टेकले. कोट सावरून, एक हात खुर्चीवर ठेवून, सावकाश. मला तेव्हा हसू आवरेना आणि मी आईच्या पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. पण आज मला त्यातलं हसू कमी आणि दुसरंच जास्त आठवतं. त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. राष्ट्रपती नव्हते, पाणीपुरवठा नव्हता. काय होतं ते मला माहीत नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा घरातून भांडून निघून गेला होता आणि त्याचं नाव त्यांच्या रविवारच्या प्रार्थनेत कधीही आलेलं नव्हतं, हे मात्र मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. बराच वेळ ते तसेच राहिले. नळानं घसा खाकरला, पाणी आलं, कुणीही उठलं नाही. आईसुद्धा.

मग आमच्या पुढच्या दाराची कडी वाजली आणि मकासरे आत आले.

त्यांच्या एका हातात दुधाच्या पिशव्या होत्या आणि दुसऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ओलं पुडकं. पायजमा घोट्यापर्यंत चिखलानं भरलेला. दूध ते रोजच आणायचे, तेवढं आम्हाला ठाऊक होतं. पण त्याआधी, आम्ही झोपेत असतानाच, ते गॅलरीच्या जाळीच्या दारानं बाहेर पडतात आणि खाडीपर्यंत चालत जातात, हे आमच्या घरात कुणाच्याच कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांनी खुर्च्या पाहिल्या, मफलर पाहिला, बंद दारासमोर गुडघ्यावर असलेले पगारेकाका पाहिले.

‘‘सलाम, काका,’’ ते मंडळीच्या रीतीप्रमाणे म्हणाले. ‘‘काही पडलंय का?’’

पगारेकाकांनी डोळे उघडले. माणसाच्या चेहऱ्यावरून इतक्या गोष्टी एकापाठोपाठ गेलेल्या मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत. शेवटी देठेकाकाच बोलले. ‘‘आम्ही आपलं, हे… पाणी केव्हा येतं ते बघायला.’’

‘‘आलंय,’’ आई म्हणाली. ‘‘भरायचंय का?’’

मकासऱ्यांनी गॅलरीच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते पुडकं आईच्या हातात देत म्हणाले, ‘‘बोंबील आहेत, वहिनी. खाडीवर एक कोळीण मावशी असते. आज म्हणाली, ‘काय हरवलाय का र तुजा? रोज येतंस नि पान्याकडं बघत बसतंस.’ आणि हे हातात ठेवले. पैसे घेईना.’’

‘‘मग तुम्ही काय सांगितलंत?’’ मी विचारलं.

‘‘हो म्हटलं.’’

आईनं बोंबील तळले, भाकऱ्या टाकल्या आणि सगळ्यांना बसवलं. जेवणाआधीची प्रार्थना पगारेकाकांनी करावी असं अप्पांनी सुचवलं. ते नुसती नकाराची मान हलवत राहिले. मग देठेकाकांनी केली आणि काय म्हणायचं ते न सुचून मधेच आमेन म्हटलं. बोंबील गरम होते.

यानंतर मकासऱ्यांचं भवितव्य चमत्कारिक अवस्थेत होतं. पाहणीत गॅलरी रिकामी आढळली असं सांगावं, तर दोन ज्येष्ठ पंचांनी पहाटेपासून कबुतरांची प्रार्थना ऐकली हेही सांगावं लागणार. उमेदवार प्रार्थना करताना आढळला असं सांगावं, तर ते खोटं. अप्पांना दोन रात्री झोप लागली नाही. दरम्यान कदमकाकूंकडे जालन्याहून रेखाबाईंचा फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता. शाळेला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. मकासरे फोनवर एवढंच म्हणाले, ‘‘गुरुवारी बैठक आहे. मुलीला सांग, कळवतो.’’ मग ते रिसीव्हर धरून काही न बोलता उभे राहिले. कदमकाकू नंतर म्हणाल्या, की लांबच्या कॉलला एवढे गप्प राहणारे गृहस्थ त्यांनी पहिल्यांदाच पाहिले.

गुरुवारी बैठक आमच्याकडेच झाली. मकासरे एका बाजूला स्टुलावर बसले होते. पगारेकाका उभे राहिले आणि त्यांचा जुना आवाज परत आला. ‘‘बंधूंनो, मी स्वतः त्या दाराबाहेर बसलो. मी आणि देठे. मी प्रांजळपणे सांगतो, आयुष्यात कधी जाणवली नव्हती अशी देवाची उपस्थिती मला त्या सकाळी तिथे जाणवली. आता या माणसाच्या खाजगी प्रार्थनेबद्दल माझ्या मनात शंका नाही.’’

यातलं दाराबाहेर बसल्याचं खरं होतं. उपस्थितीचंही, मला वाटतं, खरं होतं. पंच माना हलवू लागले. अप्पांनी लिहायला पेन उचललं. आता मकासऱ्यांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मी दारातून त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बसा, बसा. माझ्या आयुष्यातली ती बहुधा सगळ्यांत प्रामाणिक प्रार्थना असेल.

ते उठले.

‘‘काका, माफ करा. मी त्या सकाळी गॅलरीत नव्हतो. तुम्ही मला पुढच्या दारानं आत येताना पाहिलंत. आत कुणीच नव्हतं. ती कबुतरं होती.’’

आत आईच्या हातातलं दुधाचं पातेलं वाजलं. मकासऱ्यांनी हात मागे घेतले. ‘‘माझं प्रार्थनाजीवन समाधानकारक आहे की नाही, मला खरंच माहीत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पुष्कळदा नसतं. पण जिथे मी नव्हतो तिथल्या साक्षीवर मला कायम करू नका.’’ आणि ते बसले. जालना, शाळा, मुलगी, सगळं त्या स्टुलावर त्यांच्याबरोबर बसल्यासारखं मला वाटलं.

पगारेकाका त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. ‘‘पाहिलंत?’’ ते इतरांकडे वळून म्हणाले. ‘‘पाहिलंत ना? नाकारतोय! स्वतःची प्रार्थना स्वतः नाकारतोय!’’

‘‘काका, मी नाकारत नाही, मी खाडीवर होतो.’’

‘‘शरीरानं.’’

‘‘शरीरानंच होतो हो! पायजम्याला चिखल होता.’’

‘‘गुप्त ठेवायची म्हणजे किती गुप्त,’’ एक पंच भारावून म्हणाले. ‘‘उजव्या हाताचं डाव्याला कळू द्यायचं नाही म्हणतात, ते हेच.’’

‘‘आधीचे पाळक समोरच्या इमारतीपर्यंत ऐकू जायचे,’’ दुसरे म्हणाले. ‘‘हे खोलीतसुद्धा ऐकू येत नाहीत. हे खोलीत नसतातच!’’

मकासऱ्यांनी आणखी दोनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी त्यांची नम्रता वाढत गेली. शेवटी देठेकाकांनी चांगला कान पुढे करून विचारलं, ‘‘काय म्हणतायत?’’ पगारेकाका त्या कानात ओरडले, ‘‘म्हणतायत मी लायक नाही!’’ ‘‘मग करून टाका कायम,’’ देठेकाका म्हणाले, ‘‘आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं.’’ ठराव एकमतानं मंजूर झाला. अप्पांनी इतिवृत्तात ‘साधकबाधक चर्चा झाली’ एवढंच लिहिलं आणि त्या रात्री गाढ झोपले. मकासरे कदमकाकूंकडे फोन करायला गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. आईनं त्यांना जास्तीचं जेवण वाढलं.

या सगळ्याचं तात्पर्य काय, असं मला तरुण संघातली मुलं अजून विचारतात. मला ते सांगता येत नाही. मी त्यानंतर बरीच पुस्तकं वाचली, पुष्कळ गोष्टींवरचा माझा विश्वास उडाला आणि काहींवरचा उडायचा राहून गेला. एवढं ठाऊक आहे, की खरं बोलणाऱ्या माणसाला लोकांनी चुकीच्या कारणासाठी निवडलं, आणि योग्य कारण शोधत बसले असते तर तो गेला असता. रेखाबाई मुलीला घेऊन महिन्याभरात आल्या. महिला मंडळाच्या पहिल्याच सभेत त्यांनी केलेली प्रार्थना इतकी लांबली की बायकांना मागच्या सगळ्या रविवारांची भरपाई झाल्यासारखं वाटलं. पगारेकाकांनी मकासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘आता कळलं, घरात ती बाजू कोण सांभाळतं.’’ त्यावर मात्र मकासऱ्यांनी काहीही नाकारलं नाही.

त्याच गुरुवारच्या बैठकीत आणखी एक ठराव झाला होता. पुन्हा असा घोळ होऊ नये म्हणून खाजगी प्रार्थनेच्या पाहणीची योग्य पद्धत ठरवायला तीन सदस्यांची एक उपसमिती नेमण्यात आली: पगारेकाका, देठेकाका आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार म्हणून तरुण संघाची सेक्रेटरी, म्हणजे मी. दोन्ही काका जाऊन बरीच वर्षं झाली, पण ही उपसमिती आजतागायत बरखास्त झालेली नाही. त्यासाठी तिची बैठक व्हावी लागते आणि बैठकीला निदान दोन सदस्य हजर असावे लागतात.